‘सूर्यफूल आपल्या मातीत येतच नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

२०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हापासून एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तेलाचे भाव हलले की तो पुन्हा वर येतो, दिवाळीच्या तोंडावर तर हमखास. मजकूर थोडक्यात असा: सूर्यफूल हे थंड देशांतलं पीक, आपल्या हवेत ते नीट येतच नाही. ज्यांनी घेतलं त्यांच्या जमिनी त्याने नासवल्या. आता आपले शेतकरी कष्ट नकोत म्हणून नुसतं सोयाबीन पेरतात. त्यामुळे आपलं सगळं तेल युक्रेनच्या हातात गेलं आणि तिथे बॉम्ब पडला की इथे पुरी महागते. शिवाय हे तेल म्हणजे विषच, तेव्हा घाण्याचं तेल खा आणि सूर्यफुलाचा नाद सोडा.

मी लातूर-धाराशिव पट्ट्यातला. नव्वदच्या दशकात आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सूर्यफूल उभं असायचं. आज हाच संदेश त्याच गावांतली पंचविशीतली मुलं पुढे पाठवतात. त्यांनी हे पीक शिवारात पाहिलेलंच नाही, त्यामुळे ते इथे येत नाही यावर त्यांचा सहज विश्वास बसतो. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे.

“थंड देशांतलं पीक, आपल्या हवेत येत नाही.”

सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेतलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं आणि एकोणिसाव्या शतकात रशियात ते तेलासाठी मोठ्या प्रमाणावर लावलं जाऊ लागलं. पुढे क्रास्नोदारच्या संशोधन संस्थेत वसिली पुस्तोवोइत यांनी निवड पद्धतीने दाण्यातलं तेलाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांच्या आसपास नेलं. त्यांच्या वाणांपैकी ‘पेरेदोविक’ १९६९ साली भारतात आला आणि इथे ईसी ६८४१४ या नावाने पेरला गेला. म्हणजे आपल्याकडच्या सूर्यफुलाचं बी खरोखरच थंड मुलखातून आलं. पण ते इथे रुजलं, आणि चांगलं रुजलं.

रुजण्याचं कारण या पिकाच्या स्वभावात आहे. फुलोऱ्यात येण्यासाठी त्याला दिवस ठरावीक लांबीचा लागत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात ते खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत घेता येतं. भुईमूग, करडई, सोयाबीन यांपैकी कोणाबद्दलही हे इतक्या मोकळेपणाने म्हणता येणार नाही. सोलापूरच्या संशोधन केंद्रातून ‘भानू’ वाण निघाला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८० साली बीएसएच-१ हा संकरित वाण दिला. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रात मराठवाड्यासाठी वेगळं काम झालं. थंड देशांतल्या पिकासाठी कोणी लातूर-सोलापूरला एवढा खटाटोप केला नसता.

आता क्षेत्र पाहा. १९९३-९४ मध्ये देशात सुमारे २७ लाख हेक्टरांवर सूर्यफूल होतं आणि उत्पादन साडेतेरा लाख टनांच्या घरात. कर्नाटक, आंध्र आणि महाराष्ट्र ही त्यातली मोठी राज्यं. त्याच सुमारास, १९९३ साली, युक्रेनचं उत्पादन होतं सुमारे २० लाख टन. दोन्ही देशांत एवढंच अंतर होतं. २०२१ साली युक्रेनने दीड कोटी टनांच्या वर सूर्यफूल काढलं आणि आपण अडीच लाख टनांच्या आसपास घसरलो होतो. या तीस वर्षांत आपली हवा इतकी बदलली नाही आणि युक्रेनचीही नाही. टांझानियासारख्या उष्ण देशात आजही लाखो छोटे शेतकरी सूर्यफूल घेतात, तेही बहुतेक पावसाच्या भरवशावर.

संदेशातली एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. आपलं हेक्टरी उत्पादन कमी आहे. युक्रेनचा शेतकरी हेक्टरी दोन-अडीच टन काढतो, आपली देशाची सरासरी जेमतेम एक टन. युक्रेनची काळी माती खोल आणि सुपीक आहे हे खरंच. पण पंजाब-हरियाणात उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्याखाली घेतलेलं सूर्यफूल आपल्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट येतं, आणि ते काही थंड देशात नाहीत. आपल्याकडे हे पीक बहुतेक कोरडवाहू, हलक्या रानात, उशिरा पेरलेलं आणि खताविना असतं. सोयाबीन पेरून उरलेल्या कोपऱ्यात सूर्यफूल. तिथे कमी आलं यात नवल नाही.

त्यातली एक अडचण जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती बाहेरून दिसत नाही. फूल मोठं, ताटाएवढं, वरून भरल्यासारखं दिसतं. कापून, वाळवून, काठीने झोडपून दाणे काढले आणि मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मारली की त्यातले कितीतरी उडून जातात. टरफल आहे, आत गर नाही. मधोमधचे दाणे तर बऱ्याचदा पोकळच. याचं कारण परागीभवन अपुरं होणं. सूर्यफुलाला मधमाशी लागते आणि मधमाशी शिवारातून कमी झाली आहे. शिवाय अनेकजण फुलोऱ्यातच कीटकनाशक फवारतात, तेव्हा उरलीसुरलीही जाते. कृषी विद्यापीठांची शिफारस साधी आहे: हेक्टरी चार-पाच मधमाश्यांच्या पेट्या ठेवा, आणि त्या नसतील तर सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून फुलांवरून हलका हात फिरवा, एक दिवसाआड, फुलोरा चालू असेपर्यंत. पिवळ्या पाकळ्या उमलायला लागल्या की बोरॅक्सची फवारणी करा. आमच्या भागातल्या बायकांनी हे कापडाचं काम केलेलं आहे. सकाळी ओळीतून चालत, एका फुलावरून दुसऱ्यावर, पराग कापडाला पिवळाधमक लागलेला. जिथे हे झालं तिथे दाणे भरले. माती तीच होती.

“पीक येतच नाही म्हणून लोकांनी सोडलं.”

रोगांमुळे लोकांनी सोडलं असं कोणी म्हणालं असतं तर मी अर्धं मान्य केलं असतं. १९८४ मध्ये मराठवाड्यात सूर्यफुलावर केवडा हा रोग दिसला. झाड खुजं राहतं, पानं फिकट पडतात, फूल आभाळाकडे तोंड करून ताठ राहतं आणि दाणा धरत नाही. लातूरच्या केंद्राने त्याला दाद न देणारे संकरित वाण काढून त्यावर उत्तर दिलं. त्यापेक्षा मोठा फटका १९९७ नंतर बसला. कर्नाटकात बागेपल्लीच्या बाजूला एक विषाणूजन्य रोग दिसला आणि तो आंध्र, महाराष्ट्र, तमिळनाडूत पसरला. पानं करपतात, शेंडा पिळवटतो, लवकर लागला तर झाडच जातं. हा विषाणू गाजर गवतावर लक्षणं न दाखवता राहतो, त्याच्या परागातून फुलकिडे तो सूर्यफुलावर आणतात. बांधावर, पडीक रानात, रस्त्याकडेला आपण गाजर गवत किती माजू दिलं ते सगळ्यांना माहीत आहे.

यावरही उपाय निघाले. बीजप्रक्रिया, बांध स्वच्छ ठेवणं, आणि सूर्यफुलाच्या आठवडाभर आधी कडेने ज्वारीच्या चार-सहा ओळी पेरणं, म्हणजे वाऱ्यावर येणारे फुलकिडे तिथेच अडतात. पण उपाय सांगायला गावात कृषी सहायक यावा लागतो, बी वेळेवर मिळावं लागतं आणि एवढं करून हाती भाव पडणार याची खात्री असावी लागते. रोग आला त्याच वर्षांत भावही पडला होता. एक संकट असतं तर पीक तगलं असतं.

“सूर्यफुलाने जमिनी नासल्या.”

सूर्यफुलाचं मूळ खोल जातं आणि ते अन्नद्रव्यं, विशेषतः पालाश (पोटॅश), भरपूर उचलतं. त्याच्या पालापाचोळ्यातून निघणारी काही द्रव्यं पुढच्या पिकाची उगवण काही काळ दबवतात, हेही खरं. म्हणून एकाच रानात वर्षामागून वर्ष सूर्यफूल घेऊ नये, तीन-चार वर्षांची फेरपालट ठेवावी, असं कोणतंही विद्यापीठ सांगतं. ज्यांनी भावाच्या मोहात सलग घेतलं त्यांना पुढची ज्वारी फिकी आली, आणि तो अनुभव गावोगाव सांगितला गेला. पण फेरपालट न पाळल्याचं खापर पिकावर फोडणं बरोबर नाही. युक्रेनमध्येही त्याच रानात सात वर्षांनी सूर्यफूल घ्यावं असा जुना दंडक होता. भाव चांगला म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी तो मोडला आणि मुळांवर जगणारं बंबाखूसारखं तण माजवून घेतलं. ऊस किंवा सोयाबीन सलग घेतलं तर आपल्या जमिनीचं काय होतं याचा संदेश मात्र कोणी फिरवत नाही.

“शेतकऱ्यांना कष्ट नकोत.”

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून इथे हिशेब मांडतो.

१९८६ मध्ये केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान मिशन सुरू केलं. आयातीवर बंधन, भावाला आधार, नवीन वाण, आणि काही वर्षांतच देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. सूर्यफुलाचं सर्वाधिक क्षेत्र याच काळातलं आहे, हा योगायोग नाही. १९९४-९५ पासून खाद्यतेलाची आयात खुली झाली. सुरुवातीला ६५ टक्के असलेलं आयातशुल्क १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आलं. स्वस्त पामतेल बंदरांवर उतरायला लागलं, आणि इथल्या तेलबियांचा भाव त्याच्याशी बांधला गेला. सूर्यफुलाच्या क्षेत्राची उतरण त्यानंतरची आहे.

भाव बांधला जातो म्हणजे काय, ते २०२३ च्या उदाहरणाने सांगतो. त्या वर्षी जूनमध्ये कच्चं सूर्यफूल तेल आपल्या बंदरात टनाला साधारण ९५० डॉलरच्या आसपास पडत होतं. डॉलर ८२ रुपये धरला तर किलोला ७८ रुपये. सरकारने वर्षाला २० लाख टन सूर्यफूल तेल विनाशुल्क आणायची मुभा दिलेली होती. आता गिरणीवाल्याच्या जागी बसून बघा. एक क्विंटल सूर्यफुलातून त्याला ३८ किलो तेल मिळतं. त्याचे झाले साधारण २,९६० रुपये. उरलेल्या पेंडीचे किलोला वीस-बावीस रुपये धरले तरी बाराशेच्या आसपास. बेरीज ४,२०० च्या अलीकडे-पलीकडे, त्यातून गाळपाचा, वाहतुकीचा खर्च वजा. म्हणजे तो शेतकऱ्याला चार हजारांच्या वर फारसं देऊ शकत नाही, द्यायचं ठरवलं तरी नाही. आणि त्या मालाचा हमीभाव होता क्विंटलला ६,४०० रुपये.

हे दोन आकडे हरियाणात समोरासमोर आले. कुरुक्षेत्र भागातल्या शेतकऱ्यांनी चांगलं सूर्यफूल पिकवलं होतं. बाजारात चार हजारांच्या आसपास बोली लागली. सरकार हमीभावाने खरेदी करण्याऐवजी क्विंटलला हजार रुपये फरक द्यायला निघालं. ६ जून २०२३ रोजी शेतकऱ्यांनी शाहाबादला राष्ट्रीय महामार्ग अडवला, लाठीमार झाला, आठवडाभर आंदोलन चाललं आणि शेवटी योग्य भावाचं आश्वासन मिळालं. ज्यांना कष्ट नको असतात ते पिकाच्या भावासाठी महामार्गावर लाठ्या खायला बसत नाहीत.

हरियाणात निदान मंडीत खरेदीची सवय आहे. मराठवाड्यात आज एखाद्याने दहा-वीस पोती सूर्यफूल आणलं तर आडतीवर घेणारा शोधावा लागतो. सूर्यफूल गाळणाऱ्या छोट्या गिरण्या बंद पडल्या किंवा सोयाबीनकडे वळल्या. सोयाबीनला लातूरची मोठी बाजारपेठ आहे, प्रक्रिया कारखाने आहेत, मळणीयंत्र दारात येतं आणि माल विकला गेला नाही असं होत नाही, भाव पडला तरी. अशा वेळी शेतकरी सोयाबीनकडे गेला तर तो हिशेबाने गेला.

आणि पोपट. शहरातल्या वाचकाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. दाणा दुधात आला की राघूंचे थवे उतरतात, फुलावर बसून कडेपासून सोलत आत जातात आणि खातात त्यापेक्षा जास्त खाली सांडतात. गावात दोनशे एकर सूर्यफूल होतं तेव्हा हे नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं, कोणाला फारसं कळायचं नाही. गावात एकट्याचाच एक एकर असेल तर पंचक्रोशीतले पोपट त्याच्याच रानात. पहाटे आणि संध्याकाळी माणूस राखणीला उभा करावा लागतो, चमकणाऱ्या फिती बांधाव्या लागतात. त्यामुळे क्षेत्र एकदा कमी व्हायला लागलं की उरलेल्यांनाही परवडत नाही आणि तेही सोडतात. हे पीक परत आणायचं तर एकेकट्याने आणता येणार नाही, गावाने मिळून पेरावं लागेल.

“हे तेल म्हणजे विष.”

यावर फार लिहीत नाही, कारण बाकीच्या संदेशाशी त्याचा संबंध नाही. सूर्यफूल तेलात ओमेगा-६ जास्त म्हणून ते घातक आणि आपलं घाण्याचं करडईचं तेल पवित्र, असं जे म्हणतात त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ओमेगा-६ गटातलं लिनोलिक आम्ल सूर्यफुलात साधारण ६० टक्के असतं, तर आपल्या आजीच्या करडईत सुमारे ७५ टक्के. सूर्यफूल विष असेल तर करडई त्याहून मोठं विष ठरेल, आणि पिढ्यान् पिढ्या ते खाऊन लोक खणखणीत जगले. तेल काढताना वापरलेल्या हेक्झेन या द्रावकाबद्दल म्हणाल तर तो ७० अंशांच्या खालीच उकळतो, शुद्धीकरणात तेल दोनशेच्या वर तापवलं जातं, आणि तयार तेलात त्याचा अंश किती चालेल याची मर्यादा कायद्याने घातलेली आहे. घाण्याचं तेल आवडत असेल तर जरूर खा, मीही खातो. सूर्यफुलाचंही घाण्यावर निघतं. तेल कोणतंही असो, कमी खा, ही डॉक्टरांची सूचना मात्र सगळ्यांनाच लागू आहे.

“आपलं सगळं तेल युक्रेनच्या हातात.”

भारत वर्षाला साधारण दीड-एक कोटी टन खाद्यतेल आयात करतो. त्यात सगळ्यात मोठा वाटा पामतेलाचा, इंडोनेशिया आणि मलेशियातून येणारा. सोयाबीन तेल अर्जेंटिना, ब्राझीलकडून. सूर्यफूल तेल साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास. युद्धाआधी त्यातलं बहुतेक युक्रेनकडून यायचं, एवढाच संदेशातला खरा भाग. काळ्या समुद्रातली बंदरं बंद झाल्यावर भाव टनाला दोन हजार डॉलरच्या वर गेले हेही खरं. पण तेलाचे भाव २०२१ पासूनच चढे होते. मलेशियातल्या बागांत मजूर नव्हते, कॅनडात दुष्काळ होता. त्यात एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली. पुरी महागली ती या सगळ्याने मिळून.

पुढे काय झालं ते संदेश सांगत नाही. जुलै २०२२ मध्ये काळ्या समुद्रातून धान्य-तेल बाहेर काढण्याचा करार झाला. रशिया, रुमानिया, अर्जेंटिना यांच्याकडूनही आपली खरेदी वाढली. युद्ध चालू असतानाच २०२२-२३ मध्ये सुमारे ३० लाख टन आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ३५ लाख टन सूर्यफूल तेल भारतात आलं, युद्धाआधीच्यापेक्षा कितीतरी जास्त. २०२३ मध्ये तर ते सोयाबीन तेलापेक्षा स्वस्त मिळत होतं. गिऱ्हाइकाला त्याचा फायदा झाला. त्याच स्वस्ताईने शाहाबादचा भाव पाडला.

आणि युक्रेन इथवर कसा पोचला? चांगली माती होती, पण ती आधीही होती. नव्वदच्या दशकात तिथलं सूर्यफूल बियांच्या रूपातच बाहेर जायचं. १९९९ मध्ये त्यांनी बियांच्या निर्यातीवर २३ टक्के कर बसवला. बी बाहेर नेणं महाग पडायला लागलं, तेव्हा देशातच गिरण्या उभ्या राहिल्या, बंदरांवर तेलाच्या टाक्या आल्या. त्या कराने सुरुवातीला तिथल्या शेतकऱ्याचा भाव दाबला, हे सांगायला हवं. पण त्याला माल घेणारी गिरणी जवळ मिळाली आणि ती दरवर्षी मिळत राहिली. तिथलं क्षेत्र वाढलं ते यानंतर.

आपल्याकडे २०२४ मध्ये खाद्यतेल-तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचं राष्ट्रीय मिशन मंजूर झालं, त्यात सूर्यफूल आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कच्च्या तेलावरचं एकूण आयातशुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केलं. शेतकऱ्याने त्यावर पुढच्या हंगामाचा विचार करावा तोच, ३० मे २०२५ रोजी ते साडेसोळावर आणलं. २०२५-२६ साठी हमीभाव जाहीर झाला ७,७२१ रुपये. लातूर, धाराशिव, सोलापूरच्या बाजार समित्यांत या भावाने सूर्यफूल घेणारी केंद्रं कोणत्या गावात, कोणत्या तारखेपासून उघडणार, ही यादी पेरणीआधी हातात पडली तर बी घ्यायला रांग लागेल. संदेश पुढे पाठवायचाच असेल तर ही मागणी पाठवा.